मागची खुर्ची

साउथहॅम्प्टन
रविवार, ११ जानेवारी १९७६

सॉलीदादा,

आणि क्लिनिक आहे हे तर तू मला सांगूच नकोस. बाबा गेले तेव्हाही क्लिनिकच होतं, आणि तेव्हाही तुझ्याऐवजी पाकीटच आलं होतं.

मी पैसे मागितले नव्हते. माझ्या सॉलिसिटरबाईनं तुला जे पत्र लिहिलं, त्यात पैशाचा शब्दसुद्धा नाही. डिक्शनरी घेऊन वाचलंय मी ते. खटल्याचा खर्च इथं सरकार करतं, हे मला सातवी नापासाला कळलं तर तुला डॉक्टरला ठाऊक नसेल होय? तिनं मागितला होता तुझा एक दिवस. सूट घालून यायचं, माझ्यामागच्या खुर्चीवर बसायचं, नाव पुकारलं की उठून दहा मिनिटं सांगायचं की हा माझा सख्खा भाऊ आहे, डोक्यानं तापट आहे पण खोटं बोलणाऱ्यातला नाही. एवढंच. तू चाळीस पौंड पाठवलेस. तेही रोख, रजिस्टर पाकिटात. चेकवर नाव छापलेलं असतं ना! आणि चिठ्ठीत 'बेस्ट विशेस'. बेस्ट विशेस दुकानदार गिऱ्हाइकाला देतो, दादा.

केस काय आहे ते लंडनच्या सिमामावशीनं तुला सांगितलं असणार, तिखटमीठ लावून. म्हणून माझ्या तोंडून ऐक. पर्किस आमचा मुकादम. बंदरावरच्या फळांच्या गोदामात आम्ही पेट्या ओढतो, प्रत्येकाच्या हातात एक लोखंडी हूक असतो. नोव्हेंबरात त्यानं माझी कॉलर धरून मला भिंतीला लावलं आणि आपल्या आईबद्दल जे बोलला ते मी कागदावर लिहिणार नाही. मी हूक खाली टाकला आणि ठोसा मारला. ठोसा. तो मागं कोलमडला आणि ढकलगाडीच्या लोखंडी कडेवर तोंड आपटलं. जबडा मोडला. तो म्हणतो, हूकनं मारलं. दोघं जण तिथंच उभे होते, दोघंही म्हणतात आम्ही बघितलं नाही. म्हणजे आता त्याचा शब्द आणि माझा शब्द. हूक ठरला तर तीन-चार वर्षं आत. ठोसा ठरला तर अंगावर आलेल्याला हटवलं म्हणून सुटलो.

माझा बॅरिस्टर फेनविक. वयानं तुझ्याएवढा, नाक कायम गळतंय. गेल्या आठवड्यात भेटला. मला वाटलं होतं हूक केवढा, गाडी कुठं होती, ते विचारेल. तो म्हणाला, "मिस्टर रुबेन, बारा माणसं पुरावा ऐकत नाहीत. पहिल्या दिवशी जेवायच्या आत त्यांचं ठरलेलं असतं. उरलेले दिवस ती त्याला कारणं शोधतात."

मी म्हटलं, "मग तुम्ही कशाला?"

म्हणाला, "कारणं पुरवायला."

मग एकेक सांगत बसला. नवा सूट घालू नका, नवा सूट दिसला की त्यांना वाटतं खास आजच्यासाठी घेतलाय. जुना घाला, इस्त्रीचा. हसू नका. रडलात तर आणखी वाईट. पर्किसकडे बघू नका. उत्तर एका वाक्यात द्या, दुसरं वाक्य फासाचं असतं. आणि मग विचारलं, "तुमच्यामागं कोण बसणार?"

मी म्हटलं, म्हणजे?

"ज्युरीची नजर आरोपीवर टिकत नाही. त्यांना अवघडल्यासारखं होतं. ती घसरते आणि मागं जाते. मागं आई असली, बायको असली, तर हा कुणाचा तरी माणूस आहे असं वाटतं. मागं रिकामी खुर्ची असली तर तो कुणाचाच नाही. कुणाचाच नसलेल्या माणसाला आत टाकायला त्रास होत नाही."

हे वाक्य मी तुझ्यासाठी घोकून ठेवलंय.

पुढं ऐक. त्यानं ठरवूनच टाकलं होतं की मी हिंदू. म्हणाला, "शाकाहारी, शांत, देवभोळे. ज्युरीला अशी माणसं आवडतात." मी म्हटलं, साहेब, मी मटण खातो आणि मी ज्यू आहे. त्यानं पेन खाली ठेवलं. मला वरपासून खालपर्यंत बघितलं, त्या नजरेची तर आपल्याला लहानपणापासून सवय आहे. म्हणाला, "हे बारा जणांच्या गळी उतरवायला साक्षीदार लागेल. डॉक्टर असलेला उत्तम. भाऊ येत असतील तर काढू हा विषय. नसतील येत तर शपथेच्या वेळी पुस्तकसुद्धा मागू नका. नुसतं, प्रामाणिकपणे सांगतो म्हणा. अर्धवट कळलेली गोष्ट ज्युरीला खोटी वाटते."

म्हणजे तू आलास तर मी बेने इस्राएल. तू नाही आलास तर मी कुणीच नाही.

तू का येत नाहीस ते मला ठाऊक आहे. सासऱ्याला तू सांगितलंयस की आपण बगदादी ज्यू, मुंबईचे जुने व्यापारी. वा! बगदाद आपल्या बापानं नकाशातसुद्धा बघितलं नव्हतं. वाक्रूळकर आपण. कोकणातले तेली. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावानं शनवार तेली नाव ठेवलं, आणि बाबा ते नाव छाती काढून सांगायचे. तू वाक्रूळकर कापून टाकलंस आणि डॉक्टर एस. रुबेन झालास. हो रे बाबा, हो. पण त्या सासऱ्यासमोर मी उभा राहिलो तर माझा रंग बगदादपर्यंत पोचत नाही, ही तुझी अडचण. माझी अडचण चार वर्षांची आहे.

सिमामावशीनं आईलाही कळवून टाकलं. आईनं एलियाहू हन्नाबी पैगंबराला मलिद्याचा नवस बोललाय. नुसता माझ्या सुटकेचा नाही. दोघं भाऊ एका ताटाशी बसून खातील, असा बोललाय. आता आईला तूच सांग क्लिनिक आहे म्हणून.

मी पिनरला आलेलो नाही आणि येणारही नाही. तुझ्या घराचं दार कुठल्या रंगाचं आहे तेही मला माहीत नाही. खटला सोमवारी, ९ फेब्रुवारीला आहे. नोटा तशाच ठेवल्यात.

एझरा


साउथहॅम्प्टन
सोमवार, ९ फेब्रुवारी

दादा,

आला नाहीस. बरं.

आज ज्युरी बसली. बघायला पाहिजे होतंस. गुरांच्या बाजारात दात बघतात ना, तसं. इथं म्हणे पूर्वी यादीत प्रत्येकाचा धंदा लिहिलेला असायचा. आता नुसतं नाव असतं, म्हणून वकील कपडे बघतात. एकेकाचं नाव पुकारतात, तो उठून चालत येतो, आणि शपथ घ्यायच्या आत माझ्या वकिलाला नको म्हणता येतं. कारण द्यावं लागत नाही. सात जणांना हाकलायचा हक्क आहे आपल्याला. मला जन्मात कुणी एवढा हक्क दिला नव्हता.

फेनविकनं पलटणीचा टाय घातलेला एक हाकलला. काखेत पेपराची घट्ट घडी घेतलेला एक हाकलला. "घडी अशी घालणारा माणूस मनात शंका ठेवत नाही," हे मला नंतर सांगितलं. बायका ठेवल्या. एक निळ्या स्कार्फवाली आहे, जाडजूड, हात लालभडक, आल्या आल्या बूट सैल केले तिनं. ती ठेवली. ती मला मुळीच आवडली नाही. सारखी जांभया देत होती.

मग पुकारलं, सिडनी ब्लूम. सत्तरीला टेकलेला म्हातारा असेल, बारीक, हातात काळी हॅट. कारकून बाईनं बायबल पुढं केलं तर म्हाताऱ्यानं मान हलवली आणि हॅट डोक्यावर ठेवली. जुना करार पाहिजे त्याला. दादा, त्या खोलीत एवढी माणसं आणि त्यातला एक आपला. फेनविक अर्धा उठला होता. त्याला तो नको होता. त्यानं वळून माझ्याकडे बघितलं आणि मी पिंजऱ्यातून जोरात मान हलवली, नाही, नाही, राहू दे. राहिला.

जेवणाच्या सुट्टीत फेनविक माझ्यावर उखडला. "का?"

मी म्हटलं, आमचा माणूस आहे.

नाक पुसत म्हणाला, "तुम्हाला तो तुमचा वाटतो. त्याला तुम्ही त्याचे वाटाल का? माणूस परक्याला माफ करतो, मिस्टर रुबेन. आपलं म्हणवणाऱ्याला जास्त पारखून घेतो."

मला पिनर आठवलं.

दुपारी पर्किसची साक्ष झाली. जबडा धरून धरून बोलत होता. शब्द पाठ केलेले. हूक कसा चमकला ते सांगितलं. आमच्या गोदामातला हूक चमकतो! गंजून काळा झालेला असतो तो. पण बारा जणांत कुणी गोदामात गेलंय? साक्ष झाल्यावर त्याला घरी जायला मोकळीक होती. गेला नाही. सरळ चालत आला आणि माझ्यामागं जी खुर्ची तुझ्यासाठी ठेवली होती तिच्यावर पाय पसरून बसला. सॉलिसिटरबाईनं तिथं तिचा कोट ठेवला होता, तो उचलून बाजूच्या बाकावर टाकला. त्याला ऊठ म्हणायचा तिला हक्क नव्हता. खुर्ची सगळ्यांची असते.

त्याचा श्वास मला मानेवर लागत होता. तुझा लागला असता.

एझरा


साउथहॅम्प्टन
मंगळवार, १० फेब्रुवारी

दादा,

सगळं बिघडवलं मी. आणि राग तुझ्यावर येतोय. आला तर येऊ दे, तुझ्यावर नाही तर कुणावर काढू?

आज माझी साक्ष. कारकून बाईनं विचारलं, शपथ कशावर घेणार? फेनविकनं शिकवलेलं वाक्य माझ्या जिभेवर होतं. नुसतं प्रामाणिकपणे सांगतो म्हणायचं. पण समोर ब्लूम बसला होता, हॅट मांडीवर घेऊन. मला वाटलं, याच्यासमोर मी माझं पुस्तक टाकून बोलू? बाबांनी ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये मला कशाला नेलं मग? मी म्हटलं, जुना करार द्या. फेनविकनं डोळे मिटले ते मला दिसलं. कारकून बाई म्हणाली, तुमच्याकडे गीता नाही का? मी म्हटलं, असेल कुणाकडे तरी, माझ्याकडे नाही.

आता डोकं झाकायला पाहिजे. ठरलंच नव्हतं, तर टोपी कुठून आणणार? कोटाच्या खिशात गोदामातली लोकरी टोपी होती. तीच. पुढं कंपनीचं पिवळं फळ विणलेलं, कानाशी ग्रीस. ती चढवली आणि पुस्तक हातात धरून शपथ घेतली. कुणीतरी खुसखुसलं. कोण ते मला तेव्हा कळलं नाही.

हूकचं मी नीट सांगितलं. एका वाक्यात. मग पर्किसच्या बाजूचा बॅरिस्टर उठला, ट्रेल त्याचं नाव. आवाज लोण्यासारखा. त्यानं हूक विचारला नाही, गाडी विचारली नाही.

"मिस्टर रुबेन, ही टोपी कामावरची ना?"

"हो."

"काल ज्युरीतल्या एका गृहस्थांनी डोकं झाकून शपथ घेतली, ते तुम्ही पाहिलं होतं?"

"पाहिलं."

"आणि आज तुम्हाला आठवलं की तुम्हीही ज्यू आहात."

न्यायाधीशानं चष्म्यावरून बघितलं, पण थांबवलं नाही. मी म्हटलं, मी जन्मापासून आहे, माझा बाप, आजा, सगळे. तो म्हणाला, "असं या खोलीत कोण सांगू शकेल?"

फेनविकनं बजावलं होतं, जो माणूस खोलीत नाही त्याचं नाव काढू नका, ज्युरी लगेच विचारते तो का नाही. आणि मी म्हटलं, "माझा भाऊ सांगेल. तो डॉक्टर आहे."

बाराच्या बारा माना मागं वळल्या, दादा. ब्लूमचीसुद्धा. तुला शोधायला.

ट्रेल म्हणाला, "अस्सं. कुठं असतात डॉक्टरसाहेब? नाव काय त्यांचं?"

खाली पेपरवाल्यांच्या बाकावर एक पोरगा बसला होता, पेन्सिल तयार. मी तोंड मिटलं. त्यानं पुन्हा विचारलं. न्यायाधीशानं विचारलं. मी उभा. वर ती टोपी तशीच. शेवटी ट्रेल ज्युरीकडे बघून फक्त एवढंच म्हणाला, "थँक यू," आणि बसला. मला वाटलं, झालं. चार वर्षं.

नाव का नाही घेतलं ते आता ऐक. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं. मी पिनरला आलो होतो, डिसेंबरात. तुझं दार हिरवं आहे. चौकटीवर पितळेची मेझुझा आहे, तीच ती देवाच्या वचनाची नळी, आपल्याकडे होती त्याच्या दुप्पट. बेल वाजवली तर तुझ्या रूथनं दार उघडलं. माझ्याकडे बघितलं, गोदामाचं जाकीट, ही टोपी, आणि म्हणाली, "गॅसचा मीटर ना? या, जिन्याखाली आहे."

आतून तिचा बाप विचारत होता, कोण आहे गं? मागच्या खोलीत तुझा पोरगा पियानो बडवत होता. भिंतीवर आपल्या घरातलं एकही माणूस नाही. मी म्हटलं, "येस मॅडम." जिन्याखाली वाकलो, मीटर बघितला, आकडे तळहातावर लिहिले, थँक यू म्हटलं आणि बाहेर आलो. तुझ्या बायकोनं मला माझ्याच भावाच्या घरात मीटर दाखवला आणि मी बघितला! तुझं खोटं मी राखलं. त्या दिवशी जिन्याखाली राखलं आणि आज कोर्टात राखलं. आज ते जास्त महाग पडलं.

फेनविकनं संध्याकाळी ऑफिसातून तुला फोन केला, मी बाजूलाच होतो. ज्युरीनं चिठ्ठी पाठवून विचारलं होतं, भाऊ साक्षीला येणार आहे का? तू काय म्हणालास ते मला ऐकू आलं नाही. फेनविकनं रिसीव्हर ठेवला आणि बराच वेळ नाक पुसत राहिला. म्हणाला, "तुमच्या भावाचा आवाज छान आहे. ज्युरीला आवडला असता."

एझरा


साउथहॅम्प्टन
रविवार, १५ फेब्रुवारी

दादा,

सुटलो.

सिमामावशीनं तुला फोन केलाच असेल, आणि तू "थँक गॉड" म्हणाला असशील, कुठल्या देशातला गॉड ते तूच जाणे. पण कसा सुटलो ते तिला ठाऊक नाही. ते मला शुक्रवारी कळलं आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

बुधवारी ज्युरी आत गेली ती बाहेर येईना. दुपार उलटल्यावर न्यायाधीशानं बोलावून सांगितलं, दहा जणांचं जमलं तरी चालेल. पुन्हा आत गेले. फेनविक माझ्याशेजारी उभा राहून सिगारेट ओढत होता. एरवी ओढत नाही. आले तेव्हा मला म्हणाला, "तुमच्याकडे बघत असतील तर सुटलात. बूट बघत असतील तर नाही." निळ्या स्कार्फवाली सोडून सगळे बूट बघत होते. आणि नॉट गिल्टी! ट्रेलचं तोंड बघायला पाहिजे होतं. फेनविकचं तर त्याहून. त्यालाच कळेना आपण कसे जिंकलो.

शुक्रवारी बसच्या रांगेत ती स्कार्फवाली उभी. मला बघून म्हणाली, "टोपी नाही घातलीस आज?"

मी म्हटलं, मॅडम, थँक यू.

म्हणाली, "आतलं बोलू नये म्हणतात. पण मी काही बिशप नाही. बाळा, तुला वाटलं असेल आम्ही तुझ्या बोलण्यावर सोडलं. तुझं बोलणं निम्मं मला कळलंच नाही. आणि ती टोपी! देवा!"

मग कशावर, मी म्हटलं.

"तू म्हणालास, माझा भाऊ. आम्ही सगळ्यांनी भावाला बघायला मागं वळून बघितलं. भाऊ कुठला! खुर्चीवर तो होता, तो पर्किस. हसत होता. तुझी टोपी बघून हसत होता, सगळे दात काढून. आदल्या दिवशी याच माणसाला जबडा धरल्याशिवाय 'गुड आफ्टरनून' म्हणता येत नव्हतं. आणि जबडा सोड. मी लाँड्रीत आयुष्य घातलंय. असं हसणारा माणूस मी ओळखते. आमच्याकडे होता एक. तोंडावर असा हसायचा आणि वर जाऊन साहेबाला वेगळंच सांगायचा. मी आत गेल्या गेल्या म्हटलं, त्या हूकची गोष्ट या दातांतून आलीय, मी नाही विश्वास ठेवणार. हळूहळू बाकीच्यांनाही ते दात आठवले."

सगळ्यांना? मी विचारलं.

ती म्हणाली, "दोघांना नाही. एका पोराला कशाचंच काही नव्हतं, त्याला घरी जायचं होतं. आणि तो हॅटवाला म्हातारा. तो शेवटपर्यंत हलला नाही. म्हणाला, हूक असो की ठोसा, ज्यानं माझ्या पुस्तकाची टिंगल केली त्याच्या शब्दावर मी हात वर करणार नाही. त्याच्यासारखा ज्यू मी जन्मात पाहिला नाही, म्हणाला." मग तिची बस आली. चढता चढता म्हणाली, "भावाला सांग, नाही आलास ते बरं केलंस."

दादा, रांगेत मी तसाच उभा राहिलो. माझी बस गेली तरी उभा.

ज्याला मी मान हलवून ठेवून घेतलं त्यानं मला आत टाकायला हात वर केला असता. जिच्या जांभया मला आवडल्या नाहीत तिनं मला बाहेर काढलं. ट्रेलनं माझ्या टोपीवरून मला खोटं ठरवलं, आणि त्याच टोपीवर त्याचाच साक्षीदार हसला. फेनविकचे नियम मी सगळे मोडले. आणि तू! तू त्या खुर्चीवर बसला असतास, इस्त्रीच्या सुटात, छान आवाजात, तर पर्किस कुठंतरी मागच्या रांगेत कोपऱ्यात हसला असता. कुणाला दिसला असता? माना वळल्या असत्या, तू दिसला असतास, गोरागोमटा, घड्याळाकडे बघणारा. ते म्हणाले असते, भाऊ एवढा शिकलेला आणि हा असा. मी आज आत असतो. तुझ्या भ्याडपणानं मला सोडवलंय. याचा मला किती संताप येतो ते तुला कळणार नाही. मला शिव्या द्यायच्या होत्या, त्यासुद्धा तू माझ्याकडून काढून घेतल्यास.

काढून घेतल्यास असं वाटत असेल तर चुकतोस. देतोच आहे. तुला काय ठाऊक होतं पर्किस तिथं बसेल म्हणून? तू माझ्यासाठी खुर्ची रिकामी ठेवली नाहीस, सासऱ्यासाठी ठेवलीस. निकालाचं श्रेय घेऊ नकोस. कुठं गावात सांगूही नकोस, तू कुठं सांगणार म्हणा.

ब्लूमबद्दल मात्र एक सांगतो. दोन दिवस त्याला मी मनात शिव्या दिल्या. मग वाटलं, त्यानं निदान मागं वळून बघितलं. तुझ्यासाठी. 'माझा भाऊ' म्हटल्यावर त्यानंही मान वळवली, म्हणजे तेवढा वेळ तरी त्याला वाटलं असेल की हा खरं बोलत असेल. तू आला असतास तर त्या म्हाताऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं असतं की असेही ज्यू असतात, काळे, तेली, नारळाच्या दुधात जेवण शिजवणारे. मी कदाचित आत गेलो असतो, पण त्याला कळलं असतं. मला यातलं काय जास्त हवं होतं ते मी अजून ठरवू शकलेलो नाही. हे मी फक्त तुलाच लिहू शकतो, हीच तर चीड आहे.

आता कामाचं. आईचं पत्र आलं. नवस फिटलेला नाही, ती म्हणते. सुटका झाली, पण ताट राहिलंय. मलिदा माझ्या खोलीवर आहे, रविवारी २९ तारखेला, दुपारी. सिमामावशी लंडनहून नारळ, वेलदोडे आणि तिच्या ओळखीचे चार-पाच जण घेऊन येणार आहे. पोहे साउथॉलहून आणलेत. घरमालकीण आयरिश आहे, तिला मी सांगितलंय की आमच्यात एक पाहुणा प्रार्थनेला येतो आणि दिसत नाही. तिनं विचारलं, भाऊ का? मी म्हटलं, नाही, एलियाहू.

त्या दिवशी क्लिनिक नसतं, रविवार आहे. खोली दुसऱ्या मजल्यावर, दार तपकिरी, मेझुझा नाही, बेल बिघडलेली आहे, हाक मार. कोण म्हणून आलास ते दारात कुणी विचारणार नाही. गॅसचा मीटर बघायला आलो म्हणालास तरी आत घेईन. एका ताटाशी बसायचं, एक घास खायचा, मग तुझा बगदाद तुला लखलाभ. आणि नाही आलास तर माझ्याशेजारी खुर्ची ठेवणार नाही मी यापुढं. कुणीही येऊन बसतं तिथं.

पैसे परत करतोय. रजिस्टर पाकिटात, रोख, तू पाठवलेल्याच नोटा, घडीसुद्धा तुझीच. चाळीस पौंड तुझे. वर माझ्या पगारातले तीन पौंड ऐंशी, लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून इथपर्यंतचं जाण्यायेण्याचं तिकीट, म्हणजे भाड्याचं कारण नको. एकूण त्रेचाळीस पौंड ऐंशी पेन्स.

एझरा